अस्तनीत कात्री लपवणारा सर्जन : सुंतेच्या हत्याराचं डिझाईन लिहून ठेवणारे अल-झहरावी

सुंता हा शब्द मराठवाड्यात कुणाला नवा नाही. बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गाव कुठलंही घ्या, मुस्लिम घरात पोराची सुंता म्हणजे कार्यक्रम असतो. कुणी त्याला खतना म्हणतं, कुणी सुन्नत. पोराला नवे कपडे, गळ्यात फुलांचा हार, घरात पाहुणे आणि जेवणावळ. सगळ्यांचं लक्ष पोराकडे असतं. एका वस्तूकडे मात्र कुणी नीट बघत नाही. ती वस्तू म्हणजे हत्यार.

पूर्वी हज्जाम वस्तरा घेऊन घरी यायचा. आता बऱ्याच ठिकाणी डॉक्टर कात्री, चिमटा किंवा प्लॅस्टिकची रिंग वापरतात. मग वस्तरा बरा की कात्री? कात्री असेल तर कशी असावी? आणि ती पोराला दिसू द्यावी का?

तुम्हाला वाटेल हे प्रश्न आजचे आहेत. पण साधारण १००० वर्षांपूर्वी स्पेनमधल्या एका सर्जनला हेच प्रश्न पडले होते. त्यांनी त्यांच्या काळातल्या सगळ्या पद्धती करून बघितल्या, कुठली कुठे फसते ते लिहिलं आणि चांगल्या कात्रीचं चित्रच काढून ठेवलं.

त्यांचं नाव अबू अल-कासिम खलफ इब्न अल-अब्बास अल-झहरावी. युरोप त्यांना अल्बुकासिस म्हणतो. सर्जरीच्या इतिहासात त्यांचं नाव सुश्रुतांच्या बरोबरीनं घेतलं जातं. पण आपल्याकडे सुश्रुत शाळेच्या पुस्तकातून माहीत असतात आणि झहरावी मात्र कुणाला फारसे ठाऊक नसतात.

म्हणून आज त्यांची गोष्ट.

राजधानीच्या नावावरून आडनाव

झहरावींचा जन्म इसवी सन ९३६ च्या आसपासचा. गाव मदिनात अल-झहरा. हे गाव दक्षिण स्पेनमधल्या कॉर्डोबा शहरापासून साधारण ८ किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी होतं. तेव्हा त्या भागावर मुस्लिम खलिफांचं राज्य होतं आणि त्या प्रदेशाला अल-अंदलुस म्हणायचे. खलिफा तिसरा अब्द अल-रहमान यानं ९३६ च्या सुमारास हे नवं राजधानीचं शहर बांधायला घेतलं. म्हणजे शहर आणि सर्जन जवळपास एकाच वयाचे. अल-झहरावी या नावाचा अर्थच मुळात झहराचा राहणारा, जसं आपल्याकडे बीडकर किंवा परळीकर.

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगायचं तर त्या वेळी आपल्या मराठवाड्यावर राष्ट्रकूटांची सत्ता होती.

झहरावींचं घराणं मूळचं अरबस्तानातलं, मदिनेच्या अन्सार लोकांपैकी. त्यांचं सगळं आयुष्य कॉर्डोबा आणि मदिनात अल-झहरा या परिसरात गेलं. अब्द अल-रहमाननंतर ९६१ मध्ये त्याचा मुलगा दुसरा अल-हकम गादीवर आला. त्याला पुस्तकांचं भलतंच वेड होतं. त्याच्या ग्रंथालयात ४ लाख पुस्तकं होती असं जुने इतिहासकार सांगतात. आकडा फुगवलेला असेलही, पण कॉर्डोबा तेव्हा पश्चिम युरोपातलं ज्ञानाचं सर्वात मोठं केंद्र होतं यात वाद नाही. झहरावी या अल-हकमच्या दरबारात वैद्य होते असं परंपरा मानते.

अशा शहरात हुशार वैद्यानं काय करावं? औषधांवर ग्रंथ लिहावा, राजाची नाडी बघावी, मान मिळवावा. हातात चाकू घ्यायचं काम वैद्याचं नव्हतंच. चिरफाड, दात काढणं, रक्त काढणं, सुंता, ही कामं न्हाव्याची. वैद्यानं सांगायचं आणि न्हाव्यानं कापायचं. झहरावींना नेमकं हेच खटकलं.

पुस्तकाची सुरुवात मेलेल्या पेशंटपासून

झहरावींनी आयुष्यभराचा अनुभव एका ग्रंथात ओतला. नाव किताब अल-तसरीफ. हा ग्रंथ इसवी सन १००० च्या सुमारास पूर्ण झाला. त्याचे एकूण ३० भाग आहेत. आजार, औषधं, आहार, मलमं, सगळं त्यात येतं. शेवटचा ३० वा भाग सर्जरीचा. तोच जगभर गाजला.

या भागाची सुरुवात मोठी वेगळी आहे. झहरावी आपल्या कौतुकानं सुरुवात करत नाहीत. ते आधी सांगतात की आपल्या मुलखात सर्जरीची विद्या जवळपास संपलीय आणि उरलंय ते अडाणी लोकांच्या हातात आहे. मग पुरावा म्हणून ते मेलेल्या पेशंटच्या गोष्टी सांगतात.

एका वैद्यानं एका बाईच्या मानेवरची गाठ कापायला घेतली. मानेतल्या रक्तवाहिन्या कुठून जातात हे त्याला माहीत नव्हतं. धमनी कापली गेली आणि बाई त्याच्या समोरच गेली. दुसऱ्या एकानं म्हाताऱ्या माणसाचा मुतखडा काढला. खडा मोठा होता. त्यानं तो ओढला तर खड्यासोबत मूत्राशयाचा तुकडाही बाहेर आला. तिसऱ्या दिवशी म्हातारा वारला.

या गोष्टींमागचा त्यांचा मुद्दा सरळ होता. शरीराची रचना माहीत नसेल तर हत्यार हातात घेऊ नका. आणि हत्यार काय काम करतं ते माहीत नसेल तर ते शरीराला लावू नका.

झहरावी हा ग्रंथ आपल्या विद्यार्थ्यांसाठी लिहीत होते आणि त्यात ते त्यांना स्वतःच्या मुलांसारखं बोलतात. जिथे जमणार नाही तिथे ते सरळ नाही म्हणतात. वाढलेल्या जुन्या कॅन्सरला हात लावू नका, मला स्वतःला असा एकही पेशंट बरा करता आलेला नाही, हे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलंय.

सुमारे २०० हत्यारांची चित्रं

आता येतो मुख्य भाग. तसरीफच्या सर्जरीच्या भागात सुमारे २०० हत्यारांची चित्रं आहेत. डागण्या, चाकू, कात्र्या, आकडे, सळया, दात उपटायचे चिमटे, दातांवरचं कीट खरवडायच्या पट्ट्या, जीभ दाबून धरायची पट्टी, लघवी तुंबली तर घालायची चांदीची नळी.

यात काय एवढं? आज हातातल्या मोबाईलवर कशाचंही चित्र निघतं. पण तेव्हा कारागिराची विद्या घरातल्या घरात राहायची. बापाकडून पोराकडे आणि उस्तादाकडून शागिर्दाकडे. हत्याराचा आकार ही गुपित ठेवायची गोष्ट होती. झहरावींनी ती कागदावर आणली. आता कुठल्याही गावातला लोहार ते चित्र बघून तसं हत्यार घडवायचा प्रयत्न करू शकत होता आणि कुठलाही विद्यार्थी आपल्या हातातलं हत्यार त्याच्याशी ताडून बघू शकत होता.

हत्यारांची यादी आपल्याकडेही होती. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रं आणि २० शस्त्रं सांगितली आहेत. तिथे आकार प्राण्यांच्या तोंडावरून सांगितलाय, सिंहमुख, काकमुख वगैरे. सुश्रुतसंहितेचा अरबी अनुवाद झहरावींच्या जन्माआधीच बगदादमध्ये झालेला होता. पुढची कातडी आकसून लघवीची वाट अडली तर काय करावं हेही सुश्रुतसंहितेत आहे. तुपात माखलेली नळी आत घालायची आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी वापरत वाट हळूहळू मोठी करायची. म्हणजे शरीराच्या याच जागेसाठी आपल्याकडच्या वैद्यांनीही खास हत्यार योजलं होतं. पण ते आजारासाठी होतं, सुंतेसाठी नव्हे.

झहरावींचा हत्यारांकडे बघण्याचा दृष्टिकोन कळायला एक उदाहरण पुरेसं आहे. डाग द्यायला सोन्याची सळई चांगली की लोखंडाची? जुने वैद्य सोन्याला मान द्यायचे. झहरावी ज्या शहरात राहत होते तिथे सोन्याला तोटा नव्हता. तरी ते म्हणतात की लोखंड वापरा. सोनं मुळात पिवळं-लालसर असतं, त्यामुळे ते किती तापलं हे रंगावरून कळत नाही. ते लवकर थंड होतं आणि जास्त तापवलं तर वितळायची भीती असते. महाग म्हणून चांगलं, हा हिशेब त्यांच्याकडे नव्हता. काम नीट होतं का आणि पेशंटला धोका कमी आहे का, एवढंच ते बघायचे.

सुंतेची हत्यारं तेव्हाही जुनीच होती

झहरावींच्या आधी सुंता कशानं करायचे?

इजिप्तमध्ये सक्कारा इथे अंखमाहोर नावाच्या अधिकाऱ्याचं थडगं आहे. साधारण ४३०० वर्षांपूर्वीचं. त्याच्या भिंतीवर सुंता कोरलेली आहे. ज्यू लोकांच्या धर्मग्रंथात गारगोटीच्या सुऱ्यांचा उल्लेख येतो. पुढे ज्यू समाजात दुधारी सुरी आली आणि तिच्यासोबत धातूची एक चपटी पट्टी आली, मधोमध फट असलेली. कातडी फटीतून पुढे ओढायची, पट्टीच्या पुढे सुरी चालवायची. पट्टीच्या मागचा भाग सुरक्षित राहतो, म्हणून ती पट्टी म्हणजे ढालच.

ही परंपरा आपल्या महाराष्ट्रातही आहे. कोकणात, विशेषतः रायगड जिल्ह्यात, शतकानुशतकं राहिलेले बेने इस्रायली लोक. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी सुट्टी घेणारे, म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली नाव दिलं. घरी मराठी बोलणारे हे लोक बाकीच्या ज्यू जगापासून तुटले होते, पण आठव्या दिवशी मुलाची सुंता करायची रीत त्यांनी सोडली नाही.

इथे एक फरक लक्षात घ्या. ज्यूंमध्ये सुंता आठव्या दिवशी होते. त्या बाळाला हत्यार काय हे कळत नाही. मुस्लिम समाजात वय ठरलेलं नाही. काही ठिकाणी सातव्या दिवशी करतात, काही ठिकाणी पोरगं चांगलं पळायला लागल्यावर. म्हणजे पोराला सगळं कळतं. त्याला हत्यार दिसतं, तो घाबरतो, हलतो. आणि हत्याराखाली पोरगं हललं तर काय होईल हे सांगायला नको.

झहरावींनी डिझाईन केलं ते या हलणाऱ्या, घाबरलेल्या पोरासाठी.

चार पद्धती आणि त्यांचे घोटाळे

सुंतेच्या प्रकरणात झहरावी आधी एक प्रामाणिक गोष्ट सांगतात. सर्जरीचं बाकी बरंचसं ज्ञान त्यांनी ग्रीक ग्रंथांतून घेतलं होतं. पण ग्रीकांच्या धर्मात सुंता नव्हती, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांत यावर काहीच नाही. म्हणजे इथे आधाराला पुस्तक नाही, फक्त अनुभव आहे.

मग ते आपल्या काळातल्या पद्धती मांडतात. कुणी वस्तरा वापरतं. कुणी फल्का, म्हणजे मधोमध भोक असलेली चकती वापरतं. कुणी दोरा बांधून नखाच्या आधारानं कापतं. कुणी कात्री. यातली प्रत्येक पद्धत त्यांनी करून बघितली आणि प्रत्येकीचा दोष लिहिला.

वस्तऱ्याचा दोष असा. पुढची कातडी ही खरं तर दोन थरांची असते. वस्तरा फिरवला की वरचा थर कापला जातो आणि आतला तसाच मागे राहतो. मग पुन्हा कापावं लागतं, पोराला पुन्हा त्रास. फल्क्याचा दोष असा की कातडीसोबत आतलं टोकही भोकात येऊ शकतं. नखाच्या आधारानं कापताना पातं घसरलं की काम बिघडलं.

उरली कात्री आणि तिच्यासोबत दोरा. झहरावींनी यालाच पसंती दिली. कात्रीची दोन्ही पाती एकाच वेळी दोन बाजूंनी येतात, त्यामुळे दोन्ही थर एकदम आणि सारखे कापले जातात. आणि कुठे कापायचं ती जागा दोऱ्यानं आधीच पक्की केलेली असते. दोन ठिकाणी दोरा बांधायचा आणि दोन गाठींच्या मधून कापायचं. हाताला चुकायला जागाच कमी.

कात्री कशी असावी?

आता त्या कात्रीकडे या. झहरावींनी तिचं चित्र दिलं आणि सोबत अटी लिहिल्या. पाती धारदार आणि एकसारखी हवीत. पाती आणि मुठी यांची लांबी एकमेकांना जुळणारी हवी. आणि दोन पाती जोडणारी खीळ वर आलेली नको, ती पात्याच्या बरोबरीत बसलेली हवी.

ही खिळीची अट वाचताना क्षुल्लक वाटते. पण घरातली जुनी कात्री आठवा. खीळ ढिली झाली की पाती एकमेकांवर नीट बसत नाहीत, कापड कापलं जाण्याऐवजी पात्यांच्या मध्ये दुमडतं. कापडाचं ठीक आहे, कातडीचं काय? वर आलेली खीळ मऊ जागी घासते ते वेगळंच. हजार वर्षांपूर्वीचा सर्जन खिळीच्या उंचीचा विचार करतोय, ही साधी गोष्ट नाही.

पण सगळ्यात मोठी सूचना आकाराची नाहीच. ती आहे कात्री ठेवायची कुठे याची.

झहरावी सांगतात की पोराला कात्री दिसता कामा नये. ती अस्तनीत लपवा किंवा पायाखाली ठेवा. दुसरं कुठलंही हत्यार त्याच्या नजरेस पडू देऊ नका. त्याला समोर उभं करा, बसवू नका. त्याला हसवा, खूश करा. आणि त्याला असं वाटू द्या की आज फक्त दोरा बांधायचाय, बाकीचं नंतर कधीतरी बघू.

आपल्याकडे अस्तनीतला निखारा म्हणजे दगाबाज माणूस. इथे अस्तनीत कात्री आहे, पण ती लपवण्यामागे पोराची काळजी आहे. भुलीचं औषध नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. दुखणं पूर्ण टाळणं हातात नव्हतं. भीती कमी करणं मात्र हातात होतं. पोरगं घाबरलं नाही तर हलणार नाही, हललं नाही तर चूक होणार नाही.

हाच विचार त्यांनी दुसऱ्या एका हत्यारातही वापरला. गळू फोडायला त्यांनी असा चाकू दिलाय ज्याचं पातं आत लपलेलं असतं. वरून बघितलं तर हातात काही धारदार आहे असं पेशंटला वाटतच नाही. तो चाकू त्यांनी मोठा, मध्यम आणि लहान अशा तीन मापांत सांगितलाय.

सुंता झाल्यावर काय करायचं तेही ते लिहितात. थोडं रक्त वाहू द्या, मग त्यावर पूड टाका, त्यावर गुलाबपाण्यात शिजवलेला अंड्याचा बलक गुलाबाच्या तेलात घोटून कापडावर लावून ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उघडू नका. आजचे डॉक्टर बलक लावणार नाहीत हे उघड आहे. पण ऑपरेशन कापण्यापाशी संपत नाही, जखम भरेपर्यंत ती सर्जनचीच जबाबदारी असते, ही समज त्यात आहे. चूक झाली तर ती कशी दुरुस्त करायची यावरही त्यांनी लिहिलंय. चुका होतात हे त्यांना मान्य होतं. चुका लपवणं मान्य नव्हतं.

रक्त न थांबणारं गाव

झहरावींच्या ग्रंथात एका गावाची नोंद आहे. त्या गावातल्या काही पुरुषांना मोठी जखम झाली की रक्त थांबायचंच नाही आणि माणूस जायचा. पोरांच्या हिरड्या बोटानं चोळल्या तरी रक्त सुरू व्हायचं आणि काही पोरं त्यातच दगावायची. झहरावींना असं दुसरीकडे कुठे दिसलं नव्हतं. त्यांनी ते जसंच्या तसं लिहून ठेवलं.

आज आपण या आजाराला हिमोफिलिया म्हणतो. यात रक्त गोठवणारा एक घटक शरीरात कमी असतो. तो आईकडून मुलाकडे येतो आणि त्रास मुख्यतः मुलग्यांना होतो. वैद्यकाच्या इतिहासात या आजाराचं वर्णन म्हणून झहरावींच्या या नोंदीचा उल्लेख आवर्जून केला जातो.

सुंतेशी याचा थेट संबंध आहे. हिमोफिलिया असलेल्या मुलाचा आजार कित्येकदा पहिल्यांदा सुंतेच्या वेळीच लक्षात येतो, कारण रक्त थांबत नाही. ज्यू धर्मशास्त्रात फार पूर्वीच नियम आला होता की एका आईची दोन मुलं सुंतेनंतर दगावली असतील तर तिसऱ्याची सुंता करायची नाही. हत्यार कितीही चांगलं असलं तरी ते कुणावर वापरतोय हे आधी बघावं लागतं.

शहर जळालं, पुस्तक उरलं

झहरावींच्या म्हातारपणी त्यांचं जग कोसळलं. १००९ मध्ये अल-अंदलुसमध्ये यादवी सुरू झाली. १०१० मध्ये मदिनात अल-झहरा लुटलं गेलं. पुढची तीन वर्षं कॉर्डोबाला वेढा होता. १०१३ मध्ये शहर पडलं. झहरावींचा मृत्यूही याच सुमाराचा मानला जातो. शहर आणि सर्जन एकत्रच जन्मले होते, जवळपास एकत्रच गेले.

राजवाड्याचे दगड लोकांनी उचलून नेले. जागा मातीखाली गेली. तिथे उत्खनन सुरू व्हायला १९११ उजाडलं आणि २०१८ मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

पुस्तक मात्र तोपर्यंत जग फिरून आलं होतं. १२ व्या शतकात टोलेडो शहरात जेरार्ड ऑफ क्रेमोना या अनुवादकानं सर्जरीचा भाग लॅटिनमध्ये नेला. १४ व्या शतकातल्या गी द शोलियाक या फ्रेंच सर्जननं आपल्या ग्रंथात झहरावींचा आधार २०० हून जास्त वेळा घेतला. १४९७ मध्ये व्हेनिसमध्ये पुस्तक छापलं गेलं. १७७८ मध्ये ऑक्सफर्डमधून अरबी आणि लॅटिन एकत्र निघालं.

तुर्कस्तानातल्या अमास्या गावचे सर्जन शराफुद्दीन साबुंजुओग्लू यांनी १४६५ मध्ये झहरावींच्या आधारानं तुर्की भाषेत सर्जरीचं पुस्तक लिहिलं. कारण तिथल्या सर्जन लोकांना अरबी वाचता येत नव्हतं. त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. झहरावींनी फक्त हत्यारं काढली होती, यांनी हत्यार वापरणारा सर्जन आणि समोरचा पेशंटही रंगीत चित्रांत दाखवला.

भारतातही हा ग्रंथ पोचला. पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयात त्याचं हस्तलिखित जपलेलं आहे आणि १९०८ मध्ये लखनौमध्ये सर्जरीचा भाग अरबीत छापला गेला. युनानी वैद्यकात सर्जरीला जर्राही म्हणतात. त्या जर्राहीच्या परंपरेत झहरावींचं नाव आजही मानानं घेतलं जातं.

कात्रीनंतर काय?

झहरावींच्या काळी नसलेल्या दोन गोष्टी १९ व्या शतकात आल्या. पहिली भूल. १८४६ मध्ये ईथर आणि १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्म किती सुरक्षित आहे हे तपासायला दोन आयोग बसले होते. दुसरी गोष्ट जंतूंची. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जखम आणि हत्यारं जंतुमुक्त ठेवायची पद्धत मांडली. त्यानंतर हत्याराची धार जितकी महत्त्वाची, तितकीच त्याची स्वच्छता महत्त्वाची झाली.

२० व्या शतकात हत्यारच बदललं. १९३५ मध्ये अमेरिकेत हिराम येलेन या डॉक्टरनं गोम्को क्लॅम्पची माहिती प्रसिद्ध केली. त्यात धातूची एक छोटी घंटा असते. ती आतला भाग झाकते, कातडी घंटा आणि पट्टीच्या मध्ये दाबली जाते, रक्त थांबतं आणि मग कापतात. नीट बघा, ही जुन्या ज्यू ढालीचीच कल्पना आहे. १९५० च्या दशकात प्लॅस्टिबेल आली. प्लॅस्टिकची रिंग आत बसवायची आणि वरून दोरा घट्ट बांधायचा. काही दिवसांत रिंग आपोआप गळते. आणि ही दोऱ्याची कल्पना कुणाची आठवण करून देते ते वेगळं सांगायला नको.

साहित्य बदललं, पण मूळ प्रश्न तेच राहिले. दोन्ही थर नीट कापले जातायत ना? आतलं टोक सुरक्षित आहे ना? रक्त थांबतंय ना? पोरगं घाबरलेलं नाही ना?

आज या माणसाचं काय करायचं?

झहरावींना सर्जरीचे जनक म्हणून फोटो शेअर करणं सोपं आहे. पण त्यांना त्याचं कौतुक वाटलं असतं असं वाटत नाही. त्यांचा राग अडाणी हातांवर होता, आणि तो राग आजही जुना झालेला नाही.

आजही काही कुटुंबं दवाखान्यात जातात आणि काही पिढ्यांपासून येणाऱ्या माणसालाच बोलावतात. निर्णय घरच्यांचा आहे. पण झहरावी वाचल्यावर आई-बापानं विचारायचे चार प्रश्न मात्र आपोआप समोर येतात. करणारा माणूस शिकलेला आहे का? हत्यार कोणतं आणि ते नीट निर्जंतुक केलंय का? घराण्यात, विशेषतः आईकडच्या मामा-आजोबांमध्ये, कुणाचं रक्त लवकर थांबत नाही असं आहे का? आणि काही बिघडलं तर रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा?

शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. पाहुणे जेवून गेलेले असतात, घर झोपलेलं असतं आणि कापडावर रक्त वाढत असतं. थोडं रक्त येणं वेगळं. दाबून धरूनही थांबत नसेल, पोरगं मलूल पडलं असेल किंवा लघवी होत नसेल, तर सकाळची वाट बघायची नाही. सरळ दवाखाना गाठायचा.

पुढच्या वेळी कुणाच्या घरी सुंतेचं आवतण आलं तर पोराच्या हारासोबत हत्याराचीही चौकशी करा. कुणाला राग आला तर सांगा, ही चौकशी हजार वर्षांपूर्वी कॉर्डोबाजवळच्या एका मोठ्या सर्जननं करून ठेवलीय.